समकक्ष संगणकजाल

समकक्ष संगणकजाल : ज्या जालातील प्रत्येक संगणक सेवा देणारा आणि सेवा घेणारा अशा दोन्ही नात्यांनी काम करतो व ज्याच्या कार्यासाठी कोणत्याही एका मध्यवर्ती संगणकावर अवलंबून राहावे लागत नाही, अशा जालास समकक्ष संगणकजाल किंवा पीअर-टू-पीअर जाल म्हणतात. अशा जालावर चालणाऱ्या आज्ञावलींना विकेंद्रित उपयोजने ही संज्ञा आहे. अशी उपयोजने तयार करणाऱ्यास प्रत्येक वेळी मुळापासून प्रारंभ करावा लागू नये, म्हणून इतर संगणकांचा शोध घेणे, संदेशांची ने-आण करणे, माहिती साठविणे व ओळख पटविणे ही सामाईक कामे करून देणारा जो पाया रचला जातो, त्यास प्लॅटफॉर्म अथवा मंच म्हणतात. हे मंच बहुतांशी मुक्तस्रोत असतात. म्हणजे त्यांची मूळ संहिता कोणासही वाचता, बदलता व पुन्हा वितरित करता येते. हा केवळ योगायोग नव्हे. ज्या व्यवस्थेला मध्यवर्ती संचालक नाही, तिच्यात सहभागी होणाऱ्यास आपल्या संगणकावरील आज्ञावली नेमके काय करते हे तपासता आले नाही, तर संचालकाची जागा त्या आज्ञावलीचा निर्माता घेतो.

ह्या जालांचा इतिहास मध्यवर्ती सत्तेपासून झालेल्या सुटकेचा इतिहास म्हणून सांगण्याचा प्रघात आहे. तो अंशतःच खरा आहे. एका ठिकाणचे केंद्र काढून टाकले, की ते दुसऱ्या व बहुधा कमी दृश्य अशा ठिकाणी पुन्हा उभे राहते, असा अनुभव प्रत्येक टप्प्यावर आलेला दिसतो.

प्रारंभीची जाले समकक्षच होती. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या साहाय्याने १९६९ मध्ये सुरू झालेल्या आर्पानेट ह्या जालात प्रथम चार ठिकाणचे संगणक जोडण्यात आले आणि त्यांच्यात सेव्य-सेवक असा भेद नव्हता. ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट व जिम एलिस ह्या विद्यार्थ्यांनी १९७९ मध्ये कल्पिलेल्या यूझनेट ह्या चर्चाजालात प्रत्येक संगणक आपल्याकडील लेख दूरध्वनीच्या तारेवरून शेजारच्या संगणकास देई, तो पुढच्यास देई व अशा रीतीने लेख सर्वत्र पोहोचत. त्याला मालक नव्हता. तथापि दूरध्वनीचा खर्च सोसू शकणाऱ्या थोड्या मोठ्या संस्थांच्या संगणकांवरून बहुतेक वाहतूक होऊ लागली व त्यांना जालाचा कणा असे संबोधले जाऊ लागले. १९८६-८७ मध्ये चर्चागटांच्या नावांची जी सर्वंकष पुनर्रचना झाली, ती मुख्यतः ह्या कण्यातील व्यवस्थापकांच्या विचाराने झाली. नियमाने कोणालाच न दिलेला अधिकार ज्याच्याकडे साधने होती त्याच्याकडे गेला.

१९९० नंतरच्या दशकात वर्ल्ड वाइड वेबचा प्रसार झाला आणि हा समतोल पार बदलला. घरोघरचे संगणक मोडेमच्या साहाय्याने तात्पुरते जोडले जात व त्यांचा पत्ता प्रत्येक वेळी वेगळा असे. आंतरजालावरील पत्ते अपुरे पडू लागल्यामुळे अनेक संगणकांनी एकच बाह्य पत्ता वापरण्याची पद्धत १९९४ नंतर रूढ झाली. अशा पत्त्यामागचा संगणक बाहेर विचारणा करू शकतो. पण बाहेरून कोणी त्याच्याकडे सहजी येऊ शकत नाही. ही गैरसोय वरकरणी किरकोळ वाटते. प्रत्यक्षात पुढील सर्व समकक्ष मंचांच्या रचनेवर तिची छाया पडलेली आहे.

समकक्ष ही संज्ञा सर्वतोमुखी झाली ती संगीताच्या देवघेवीमुळे. शॉन फॅनिंग ह्या तरुणाने जून १९९९ मध्ये नॅपस्टर ही आज्ञावली खुली केली. तीत गाणी वापरणाऱ्यांच्या संगणकांवरच राहत. मात्र कोणते गाणे कोणाकडे आहे याची सूची कंपनीच्या सर्व्हरवर असे. ध्वनिमुद्रण कंपन्यांनी डिसेंबर १९९९ मध्ये दावा दाखल केला, फेब्रुवारी २००१ मध्ये अपील न्यायालयाचा निर्णय नॅपस्टरच्या विरुद्ध गेला आणि जुलै २००१ मध्ये सेवा बंद पडली. सूची एके ठिकाणी होती म्हणून न्यायालयाचा आदेश एके ठिकाणी बजावता आला. त्यापासून अभियंत्यांनी घेतलेला धडा कायद्याचा नव्हता, रचनेचा होता.

तो धडा ग्नूटेला ह्या आज्ञावलीत आधीच अंतर्भूत होता. नलसॉफ्ट ह्या कंपनीतील जस्टिन फ्रँकेल व टॉम पेपर यांनी ती १४ मार्च २००० रोजी उपलब्ध करून दिली. नलसॉफ्टची मालकी असलेल्या एओएल कंपनीने ती दुसऱ्याच दिवशी काढून घ्यावयास लावली. तोवर तिच्या प्रती सर्वत्र गेलेल्या होत्या. तिची मूळ संहिता प्रसिद्ध झालेली नसतानाही इतरांनी तिच्या संदेशांचा अभ्यास करून प्रोटोकॉल उलगडला आणि तो पाळणाऱ्या अनेक आज्ञावली लिहिल्या. ग्नूटेलामध्ये सूची नाही. प्रत्येक संगणक आपला प्रश्न शेजाऱ्यांना विचारतो, ते त्यांच्या शेजाऱ्यांना विचारतात आणि ठराविक टप्प्यांनंतर प्रश्न विरतो. प्रत्येकास चार शेजारी व एकूण सात टप्पे धरले, तर कोणाचीही पुनरुक्ती न होता एक प्रश्न ४,३७२ संगणकांपर्यंत जातो. प्रश्न करणारे हजारो झाले, की जालाची बहुतेक शक्ती प्रश्न वाहण्यातच खर्ची पडते. पुढे अधिक समर्थ संगणकांना इतरांच्या वतीने सूची राखण्याचे काम देण्यात आले. म्हणजे समकक्षांत पुन्हा प्रतवारी आली.

याहून मूलगामी त्रुटी झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील केंद्रातील एतान आदर व बर्नार्डो ह्यूबरमन यांनी २००० मध्ये दाखवून दिली. ग्नूटेला वापरणाऱ्यांपैकी सु. ७० टक्के लोक स्वतःजवळचे काहीच इतरांना देत नाहीत आणि सु. निम्मी उत्तरे केवळ १ टक्का संगणकांकडून येतात, असे त्यांना आढळले. सार्वजनिक विहिरीचा उपसा सर्वांनी करावा आणि गाळ कोणीच काढू नये, असा हा प्रकार होता. ब्रॅम कोएन यांनी २००१ मध्ये रचलेल्या बिटटॉरेंट ह्या प्रोटोकॉलने त्यावर व्यवहार्य उपाय काढला : फाइलीचे लहान तुकडे पाडावयाचे व जो आपणास तुकडे देतो त्यालाच प्राधान्याने तुकडे द्यावयाचे. उपदेशाने जे साधले नाही ते ह्या रोकडी परतफेडीने साधले. मात्र कोणाकडे तुकडे आहेत हे सांगणारा ‘ट्रॅकर’ हा सर्व्हर बिटटॉरेंटलाही प्रारंभी आवश्यक होता.

आतापर्यंत वर्णिलेल्या आज्ञावली एकेका कामापुरत्या होत्या. कोणतेही विकेंद्रित उपयोजन ज्यावर उभारता यावे असा सर्वसाधारण मुक्तस्रोत मंच रचण्याचा पहिला मोठा प्रयत्न म्हणजे सन मायक्रोसिस्टिम्स ह्या अमेरिकन कंपनीचा जक्स्टा हा प्रकल्प होय. कंपनीच्या संस्थापकांपैकी एक असलेले बिल जॉय यांच्या पुढाकाराने तो आकारास आला व २५ एप्रिल २००१ रोजी त्याची मूळ संहिता सर्वांसाठी खुली करण्यात आली. शेजारी शेजारी ठेवणे ह्या अर्थाच्या ‘जक्स्टापोझ’ ह्या इंग्रजी क्रियापदावरून हे नाव घेतले होते. सर्व्हराधिष्ठित पद्धतीला हटविण्यासाठी नव्हे, तर तिच्या शेजारी दुसरी पद्धत ठेवण्यासाठी हा प्रकल्प आहे, असा त्यातील आशय होता.

जक्स्टा म्हणजे एक आज्ञावली नसून सहा प्रोटोकॉलांचा संच होता. ते कोणत्याही संगणकभाषेत लिहिता यावेत अशी योजना होती. जावा भाषेतील अवतार प्रमाण मानला जाई व सी भाषेतही एक अवतार करण्यात आला. प्रत्येक सहभागी साधनास, मग तो भ्रमणध्वनी असो वा मोठा सर्व्हर, स्थिर ओळख दिली जाई. ही ओळख त्याच्या आंतरजालीय पत्त्यापासून स्वतंत्र असल्याने पत्ता बदलला तरी ती टिकून राही. समान हेतू असलेली साधने गट बनवीत आणि गटाला प्रवेशाचे स्वतःचे नियम ठरविता येत. संदेश ‘पाइप’ म्हटल्या जाणाऱ्या कल्पित नळ्यांतून जात. नळीचे एक टोक एका साधनावरून दुसऱ्यावर हलविले तरी उपयोजनास त्याची दखल घ्यावी लागत नसे. साधन, गट, नळी अथवा सेवा उपलब्ध असल्याची वार्ता ‘जाहिरात’ ह्या नावाच्या छोट्या दस्तऐवजाने, एक्सएमएल ह्या खुणभाषेत, दिली जाई. बाह्य पत्त्यामागे दडलेल्या साधनांसाठी संदेश पुढे पोहोचविणारे मध्यस्थ संगणक योजिलेले होते व नवागतास इतरांची गाठ घालून देणारे भेटीचे संगणकही होते. पुढील पंचवीस वर्षांत ह्या क्षेत्रात जे जे प्रश्न चर्चिले गेले, त्यांपैकी बहुतेकांची नोंद जक्स्टाने घेतलेली होती, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

असे असता हा मंच रुजला का नाही, याची कारणे विचारात घेण्याजोगी आहेत. लहानसहान संदेशही एक्सएमएलच्या वेष्टनात गुंडाळले जात असल्याने ते अवजड होत. सर्वच कामांसाठी उपयोगी पडावयाचे म्हणून रचना अतिव्यापक झाली आणि साधे काम करू पाहणाऱ्या अभियंत्यास ती प्रथम समजून घेणेच जिकिरीचे वाटे. ज्याच्यासाठी लोकांनी जक्स्टा आवर्जून घ्यावे असे एकही लोकप्रिय उपयोजन त्यावर निर्माण झाले नाही. बिटटॉरेंट एकच काम करी व ते चांगले करी. जक्स्टा सर्व कामांची सिद्धता करीत बसले. याखेरीज भेटीचे जे सार्वजनिक संगणक नवागतास लागत, ते प्रायः सन कंपनीच चालवीत असे. संहिता खुली होती, परंतु प्रकल्पाचे नेतृत्व, वेतन व व्यवस्था एका कंपनीकडे होती. ऑरेकल कंपनीने जानेवारी २०१० मध्ये सन विकत घेतली व त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जक्स्टातून अंग काढून घेतले. मुक्तस्रोत परवान्यामुळे संहिता पुढे चालविण्याची मुभा कोणालाही होती. ती चालविण्याइतका मोठा समाज मात्र तिच्याभोवती जमलेला नव्हता. परवाना आणि समाज ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे ह्या प्रकरणावरून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच अन्यत्र होत असेल.

दरम्यान सूचीचा प्रश्न विद्यापीठांत गणिती पद्धतीने सोडविला जात होता. सूचीचे तुकडे करून ते सर्व संगणकांत नियमबद्ध रीतीने वाटून द्यावयाचे, म्हणजे मध्यवर्ती सूचीही नको आणि सर्वांना विचारणेही नको, अशी ती कल्पना होती. वितरित हॅश सारणी ह्या नावाने ती ओळखली जाते. २००१ ह्या एकाच वर्षी तिच्या चार स्वतंत्र रचना पुढे आल्या : मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील कॉर्ड, बर्कली येथील कॅन व टॅपेस्ट्री आणि मायक्रोसॉफ्ट व राइस विद्यापीठ यांतील संशोधकांची पेस्ट्री. यांपैकी कॅन ह्या रचनेवरील निबंधाच्या प्रथम लेखिका सिल्विया रत्नसामी ह्या पुणे विद्यापीठाच्या अभियांत्रिकी पदवीधर होत. कॉर्डच्या कर्त्यांपैकी हरी बालकृष्णन हेही भारतीय वंशाचे आहेत.

व्यवहारात सर्वाधिक रूढ झाली ती २००२ मध्ये पेतार मायमुनकोव्ह व डेव्हिड मॅझिएर यांनी मांडलेली कॅडेम्लिया ही रचना. तीत प्रत्येक संगणकास व प्रत्येक माहितीस १६० द्विमान अंकांची ओळख असते आणि दोन ओळखींतील जे अंक भिन्न असतील त्यांवरून त्यांचे ‘अंतर’ काढतात. उदा., १०१० व १००१ यांतील शेवटचे दोन अंक भिन्न असल्याने अंतर ००११, म्हणजे दशमान पद्धतीत ३ येते. ज्या संगणकांची ओळख माहितीच्या ओळखीस सर्वांत जवळची, त्यांच्याकडे ती नोंद ठेवावयाची. शोध घेताना दर पावलास उरलेले अंतर निदान निम्मे होते. त्यामुळे दहा लाख संगणकांच्या जालातही सु. २० पावलांत उत्तर सापडते. बिटटॉरेंटने २००५ मध्ये ही पद्धत स्वीकारली व ट्रॅकरची अनिवार्यता संपली. तरीही जालात अगदी प्रथम पाऊल टाकणाऱ्यास निदान एका चालू संगणकाचा पत्ता ठाऊक असावा लागतो आणि तो पत्ता आज्ञावलीतच लिहून ठेवलेला असतो. हे केंद्र लहान आहे; पण ते आहे.

मोठा अडथळा निराळाच निघाला. एकच व्यक्ती हजारो खोट्या ओळखी धारण करून जालात शिरली, तर मतगणना, परतफेड वा नोंदींची वाटणी यांपैकी कशालाच अर्थ उरत नाही. मायक्रोसॉफ्टमधील जॉन डूसर यांनी २००२ मध्ये ह्या प्रकारास ‘सिबिल हल्ला’ असे नाव दिले आणि ओळखीची शहानिशा करणारी मध्यवर्ती संस्था नसेल, तर अत्यंत अवास्तव गृहीतके सोडता हा हल्ला नेहमीच शक्य असतो, असे सिद्ध केले. ह्या निष्कर्षाने क्षेत्रातील उत्साहास काही काळ ओहोटी लागली.

सातोशी नाकामोतो ह्या टोपणनावाने ३१ ऑक्टोबर २००८ रोजी प्रसिद्ध झालेल्या निबंधाने ह्या प्रश्नाला बगल दिली. बिटकॉइन ह्या व्यवस्थेत ओळखी मोजल्या जात नाहीत, तर खर्ची पडलेली गणनशक्ती मोजली जाते. खोटी ओळख फुकट मिळते, वीज फुकट मिळत नाही. ३ जानेवारी २००९ रोजी हे जाल सुरू झाले. सरासरी दर दहा मिनिटांनी व्यवहारांचा एक गठ्ठा आधीच्या गठ्ठ्याशी गणिती खुणेने जोडला जातो व त्या साखळीची प्रत प्रत्येक पूर्ण सहभागी संगणक बाळगतो. आर्थिक लाभासाठी गणनशक्ती एकत्र करणारे संघ लवकरच निर्माण झाले आणि जून २०१४ मध्ये अशा एकाच संघाकडे काही काळ निम्म्याहून अधिक शक्ती एकवटली.

साखळीवर केवळ चलनाचे व्यवहार न ठेवता कोणतीही आज्ञावली ठेवता यावी, असा प्रस्ताव व्हिटालिक बुटेरिन यांनी २०१३ च्या अखेरीस मांडला. त्यातून निघालेले ईथिरियम हे जाल ३० जुलै २०१५ रोजी कार्यान्वित झाले. जक्स्टाने अपेक्षिलेला सर्वसाधारण मंच येथे वेगळ्या रूपाने अवतरला : साखळीवरील आज्ञावली, जिला स्मार्ट करार म्हणतात, ती सर्व संगणकांवर एकसारखी चालते आणि एकदा ठेवल्यावर तिच्या कर्त्यालाही ती मनमानी बदलता येत नाही. ह्या गुणाची कसोटी लगेचच लागली. ‘द डीएओ’ ह्या सामाईक गुंतवणूक निधीत २०१६ मध्ये लोकांनी सु. १५ कोटी डॉलर किमतीचे ईथर जमा केले. त्याच्या करारातील एका दोषाचा लाभ घेऊन १७ जून रोजी अज्ञात इसमाने सु. ३६ लाख ईथर वळते केले. करारातील नियमांमुळे ती रक्कम काही आठवडे अडकून राहणार होती, तेवढीच उसंत मिळाली. कराराच्या अक्षराप्रमाणे पाहता वळते करणाऱ्याने मशीनचा कोणताही नियम मोडलेला नव्हता. गुंतवणूकदारांच्या समजुतीप्रमाणे ती उघड चोरी होती. दीर्घ वादानंतर २० जुलै २०१६ रोजी संहितेत बदल करून ती रक्कम मूळ गुंतवणूकदारांना परत घेता येईल अशी व्यवस्था करण्यात आली. लिहिलेले पालटता येत नाही हे तत्त्व ज्यांना अधिक मोलाचे वाटले, त्यांनी जुनीच संहिता चालू ठेवली व ती साखळी ईथिरियम क्लासिक ह्या नावाने वेगळी राहिली. वाद मिटविणारे न्यायपीठ नव्हते; पण संहिता खुली असल्याने अल्पमतातील लोकांना मुकाट्याने मान तुकविण्याचीही गरज पडली नाही.

ईथिरियमची पूर्ण प्रत बाळगणे सामान्य वापरकर्त्यास जड जात असल्याने बहुतेक उपयोजने इन्फ्युरा यांसारख्या सेवांमार्फत साखळीशी बोलू लागली. ११ नोव्हेंबर २०२० रोजी इन्फ्युरा बंद पडली, तेव्हा साखळी चालू असूनही अनेक उपयोजने व पाकिटे निकामी झाली आणि काही विनिमय केंद्रांनी ईथर देणे थांबविले. १५ सप्टेंबर २०२२ पासून ईथिरियमने गणनशक्तीऐवजी तारण ठेवलेल्या ईथरच्या आधारे गठ्ठे जोडण्याची पद्धत स्वीकारली. तिचा विजेचा खर्च त्यामुळे ९९ टक्क्यांहून अधिक घटला.

साखळीविना उभ्या राहिलेल्या मंचांत ह्वान बेनेट यांनी २०१४ मध्ये मांडलेला आयपीएफएस महत्त्वाचा आहे. तीत फाइल कोठे आहे हे न सांगता तिच्या मजकुरातून काढलेली गणिती खूण सांगून ती मागवितात. ती कोणाकडूनही मिळाली तरी खूण जुळवून तिचा खरेपणा तपासता येतो. तुर्कस्तानात एप्रिल २०१७ मध्ये विकिपीडियावर बंदी आली, तेव्हा तुर्की विकिपीडियाची एक प्रत ह्या मंचावर ठेवण्यात आली होती. मजकूर जतन करण्याची तसदी कोणी तरी घ्यावी लागते, हे मात्र येथेही चुकत नाही. कोणाच्याच संगणकावर नसलेली फाइल खूण ठाऊक असूनही मिळत नाही. त्याच्या उभारणीतून निघालेला लिबपीटूपी हा संदेशवहनाचा भाग पुढे ईथिरियमसह अनेक जालांनी घेतला व जक्स्टाचे काम अशा रीतीने लहान, सुट्या भागांनी पार पडले.

महाराष्ट्राचा ह्या क्षेत्राशी आलेला संबंध अलीकडचा आहे. जयंती कनानी, संदीप नैलवाल व अनुराग अर्जुन यांनी २०१७ मध्ये मुंबईत मॅटिक नेटवर्क हा प्रकल्प सुरू केला. ईथिरियमला जोडलेली स्वस्त व जलद साखळी पुरविणाऱ्या ह्या प्रकल्पाचे नाव २०२१ मध्ये पॉलिगॉन असे झाले. त्याच्या चाचणी-जालास ‘मुंबई’ हेच नाव होते व ते २०२४ मध्ये बंद करण्यात आले. ह्या साखळीच्या साहाय्याने गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली भागात सु. ६५,००० जात प्रमाणपत्रांची पडताळणी करता यावी, असा उपक्रम २०२२ मध्ये हाती घेण्यात आला. प्रमाणपत्रावरील क्यूआर कोड वाचून त्यातील मजकूर मागाहून बदललेला नाही, याची खात्री कोणत्याही कचेरीस करून घेता यावी, हा त्याचा हेतू. शिक्षण व नोकरीतील आरक्षण ह्याच कागदावर अवलंबून असलेल्या आदिवासीबहुल भागात बनावट प्रमाणपत्रांना आळा बसणे ही लहान गोष्ट नव्हे. साखळीवरील नोंद फक्त फेरफाराचा शोध लावते. अर्जदाराची जात कोणती हे ठरविणे व प्रमाणपत्र देणे अथवा नाकारणे हे काम पूर्वीप्रमाणेच उपविभागीय अधिकाऱ्याकडे आणि दिलेल्या प्रमाणपत्राची पडताळणी जात पडताळणी समितीकडे आहे.